आहेराची ॲरेलिस्ट

आमच्या घरात जावा या भाषेचा पहिला आणि आजवरचा शेवटचा उपयोग ताईच्या लग्नात झाला. त्याआधी आईला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जावा घेतलंय असं मी सांगितलं, तेव्हा ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "एका जावेनं माहा जीव खाल्ला, तू आनखी कुठून आनून राह्यली?" काकू तेव्हा शेजारच्याच घरात राहायची आणि तिला सगळं ऐकू जायचं, त्यामुळे पुढचे दोन दिवस घरात वेगळंच वातावरण होतं.

मी त्या काळात स्वतःला फार हुशार समजत असे. अजूनही समजते, पण आता थोडं लपवता येतं. नालवाडीहून स्कूटीने वर्ध्याच्या कॉलेजात जायचं, लॅबमधल्या कूलरसमोरचं मशीन पकडायचं आणि दुसऱ्यांच्या चुका त्यांना न विचारता दाखवायच्या, हा माझा दिनक्रम. मैत्रिणी कमी होत्या, यात नवल नाही.

जावा शिकवणाऱ्या मॅडम रोज नागपूरहून गाडीने यायच्या. बाईंना कंटाळा नावाची गोष्ट माहीत नव्हती. ॲरेलिस्ट म्हणजे काय हे त्यांनी एसटी स्टँडवरची रांग सांगून शिकवलं. माणूस आला की रांग वाढते, मधला कोणी कंटाळून निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, कुणाला सांगावं लागत नाही. साध्या ॲरेचं तसं नसतं. तिथे खुर्च्या आधीच मोजून ठेवलेल्या असतात. रांगेतल्या लोकांना क्रमाने लावणं म्हणजे सॉर्टिंग, आणि त्यातला सगळ्यात सोपा प्रकार बबल सॉर्ट. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना विचारायचं, तुमच्यातलं पुढचं कोण? उलटे उभे असतील तर जागा बदलायची आणि पुढच्या जोडीकडे जायचं. टोक आलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या फेरीत कुणालाच हलवावं लागलं नाही, तिथे थांबायचं.

"पण लक्षात ठेवा," मॅडम म्हणायच्या, "पुढचं कोण, हे कॉम्प्युटरला कळत नाही. ते तुम्ही सांगायचं. तो फक्त ऐकतो."

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटा प्रकल्प करून दाखवायचा होता. विद्यार्थ्यांचे गुण क्रमाने लावून आणलेत तर मी उघडून बघणार नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. त्यांनी तसले शेकडो पाहिले असावेत. काहीतरी घरातलं आणा, म्हणाल्या. माझ्या घरात त्या वेळी ताईच्या लग्नाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

आमच्याकडे लग्नातला आहेर माईकवरून होतो. नवरदेव-नवरीला मिळणारा आहेर नव्हे, तर यजमानाने सोयऱ्यांना द्यायचा मानाचा आहेर. जेवणाच्या पंगती बसण्याआधी एक जण माईक धरतो, एकेकाचं नाव पुकारतो, तो माणूस पुढे येतो, घरची बाई त्याला कुंकवाचा टिळा लावते आणि हातात दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचं उपरणं, आणि टोपी ठेवते. बायकांना साडी. दुपट्टा सगळ्यांना सारखाच असतो, पुष्कळदा एकाच गठ्ठ्यातला, आणि घरी नेऊन कुणी वापरतही नाही. महत्त्व असतं ते नाव कितवं आलं याला. त्यावरून माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात.

आमच्या घरातला अबोला आत्याचा होता. आत्या बाबांची मोठी बहीण. बाबा तिला नुसतं 'बाई' म्हणतात. दादाच्या लग्नात माईक लांबच्या नात्यातल्या एका हौशी गृहस्थांच्या हातात गेला. त्यांनी मामांना पुकारलं, काकांना पुकारलं, मामांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही पुकारलं. आत्या पहिल्या ओळीत पदर सावरून बसली होती. तिचं नाव आलं तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. बाबा रस्त्यापर्यंत धावत गेले, तोवर ती मिळेल त्या बसने पुलगावला निघून गेली होती. जेवलीसुद्धा नव्हती.

आत्याचे पती हयात होते तोवर हा प्रश्नच कधी आला नव्हता. ते घरचे थोरले जावई. जावयांचं नाव सगळ्यात आधी, याबद्दल आमच्याकडे दुमत नाही, आणि त्यांच्यापाठोपाठ आत्या. ते गेले आणि आत्या सुटी झाली. तिला कुठे बसवायचं हे कुणी ठरवलंच नाही.

पुलगाव काही परदेशात नाही. वर्ध्याहून गाडीत बसलं की खिडकीची जागा मिळेपर्यंत ते येतं. तरी आत्या त्यानंतर आमच्या दारात आली नाही. राखी मात्र पोस्टाने यायची, सोबत चिठ्ठी नसायची. बाबा ती स्वतःच्या हाताने बांधून घ्यायचे आणि दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. ताईचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर बाबा पहिलं काय बोलले असतील, तर, "बाई आली पाह्यजे. आन् यावेळेस हसत गेली पाह्यजे."

मी लगेच जाहीर केलं की यंदा आहेराचा क्रम कॉम्प्युटर लावेल. म्हणजे कुणाला रुसायला जागाच नको.

"तुह्या कंपूटरले मान कोनाचा थे समजते काय?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही नियम सांगा. बाकी मी पाहते."

नियम सांगायला आमच्याकडे माणसांची कमतरता नव्हती. सगळ्यात आधी आई बोलली. लग्नात मामाचा मान मोठा, मामा काकाच्या आधी. मामा म्हणजे आईचा भाऊ, तेव्हा हा नियम ती इतक्या ठामपणे का सांगत होती ते कळण्यासारखं होतं, पण नियम खोटा नव्हता. तिच्या माहेरीही तसंच चालतं, शेजारीपाजारीही तसंच. मग काका आले. त्यांचं म्हणणं, भावंडांत वयाने मोठा तो आधी. ते स्वतः थोरले, त्यांच्यामागे आत्या, सगळ्यात धाकटे बाबा. हेही खरंच होतं. शेवटी बाबांनी हळूच सांगितलं, "घरची लेक सोयऱ्याच्या आधी. मामा झाले तरी सोयरेच." यात तर कुणी चूक काढूच शकत नव्हतं. मी तिन्ही नियम लिहून घेतले आणि तुलनेच्या मेथडमध्ये, म्हणजे दोघांत पुढचं कोण ते ठरवणाऱ्या भागात, बसवले.

पहिल्यांदा नावं आईने सांगितली. तिने साहजिकच मामापासून सुरुवात केली, मग काका, मग आत्या. मी प्रोग्राम चालवला. उत्तर आलं: मामा, काका, आत्या. आई खूश. "हुशार हाये व हे मशीन," म्हणाली.

बाबांनी मान फिरवली. मला त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, टंकताना काही चुकलं असेल, पुन्हा भरते, तुम्ही सांगा. त्यांनी आत्यापासून सुरुवात केली, मग मामा, मग काका. उत्तर आलं: आत्या, मामा, काका. बाबांचा चेहरा उजळला. तेवढ्यात काका डोकावले आणि माह्यं नाव शेवटी काऊन, म्हणून खुर्ची ओढून बसले. त्यांनी सांगितलेल्या क्रमाने नावं भरली तर उत्तर आलं: काका, आत्या, मामा. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पोरीनं नाव काढलं असं म्हणत चहा मागवला.

तिघेही माझ्यावर खूश होते आणि मला घाम फुटला होता. जो सांगेल त्याचीच बाजू घेणारा प्रोग्राम मी लिहिला होता. असली माणसं आमच्या गावात आहेत, पण कॉम्प्युटरकडून ही अपेक्षा नव्हती.

रात्री जेवताना मी चिडचिड केली, भाजीत मीठ जास्त आहे म्हणाले, आईने तेच मीठ माझ्या नावाने आणखी थोडं आमटीत टाकल्याचं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच मी मॅडमच्या दारात उभी होते.

मॅडमनी कोड वाचला. पुन्हा वाचला. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झालेला नव्हता. मी मनातून थोडी सुखावले, कारण चूक दुसऱ्या कुणाची तरी निघणार होती. मग त्यांनी नियम विचारले आणि मी सांगत गेले तसा फळ्यावर एकेक बाण काढला. मामाकडून काकांकडे. काकांकडून आत्याकडे. आत्याकडून मामाकडे. बाण फिरून जिथून निघाला तिथेच येऊन पोचला.

"तुझा प्रोग्राम बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझं घर चुकलंय."

त्या इतक्या हसल्या की बाजूच्या खोलीतले सर बघायला आले. मग त्यांनी नीट समजावलं. पहिला दुसऱ्याच्या आधी आणि दुसरा तिसऱ्याच्या आधी असेल, तर पहिला तिसऱ्याच्या आधी असायलाच हवा. एवढं पाळलं तरच क्रम लागतो. नाहीतर बबल सॉर्ट शेजारच्या जोड्या तपासतो, प्रत्येक जोडी आपापल्या जागी बरोबर दिसते आणि तो समाधानाने थांबतो. ज्याने नावं आधी सांगितली, त्याचं भलं होतं.

"मग कोणता सॉर्ट वापरू?"

"कोणताही वापर. ज्याला क्रमच नाही, त्याला कोण लावणार? यातला एक जण काढलास तर उरलेले दोघे रांगेत उभे राहतील."

घरी येताना मी स्कूटी फार हळू चालवली. दादाच्या लग्नाचा दिवस मला पहिल्यांदाच वेगळा दिसत होता. इतकी वर्षं घरात एकच वाद चालू होता, त्या दिवशी चुकलं कोण? माईकवाले गृहस्थ, की काका, की मामा, की तडकाफडकी उठून जाणारी आत्या? आणि इथे फळ्यावर स्पष्ट दिसत होतं की प्रत्येकाच्या बाजूने एक खरा नियम उभा होता. माईक कुणाच्याही हातात असता तरी कुणीतरी दुखावलंच असतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि ते कधी एकदा बाबांना सांगते असं झालं.

सांगितलं तेव्हा सगळे घरातच होते. बाण कागदावर काढून दाखवले. काका बराच वेळ कागद उलटसुलट करून बघत राहिले, जणू मागच्या बाजूला त्यांचा नंबर वर असेल.

"एकाले काढा लागते म्हन्ते," बाबा म्हणाले. "कोनाले काढू?"

 आईची नजर काकांकडे गेली आणि काकांची आईकडे, म्हणजे तिच्या भावाच्या दिशेने. शेवटी आईच वैतागली. "मलेच काढा सारेजन. मी तं तशी बी कुठीच नाई. वाटी घेऊन उभी राह्यतो, टिळे लावतो, पाय दुखतेत."

ती रागाने बोलली, पण मी जागीच थांबले. टिळा लावणारीचं नाव कोणी पुकारत नाही. ती रांगेत नसते, तिच्यासमोर रांग असते.

"आत्याला वाटी दिली तर?" मी म्हटलं. "माईकही तिच्याच हातात द्यायचा. पुकारणारी तीच आणि टिळा लावणारीही तीच."

सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि त्याचं कारण मला दोन क्षणांनी कळलं. आत्याच्या कपाळाला कुंकू नव्हतं. तिच्या हातात लग्नात कुंकवाची वाटी द्यायची, हे आमच्याकडे कुणी केलेलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. मोडता घालतील तर तेच घालतील असं मला वाटत होतं.

पण आधी आई बोलली. "द्या तिले वाटी. माह्या पोरीचं लगन मले एका जागी बसून तरी पाह्यता येईन."

काका उठले, कागद घडी करून खिशात घातला. "बाईनं वाटी धरली तं मी मामाच्या मांगून बी येतो," म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. ते घरी जाऊन काकूला काय म्हणाले ते काकूने आईला भिंतीवरून सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चांगलंच होतं.

आत्याला विचारायला बाबा आणि मी पुलगावला गेलो. गाडीत बाबा सारखे रुमालाने चष्मा पुसत होते. आत्याने दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि आत जाऊन पाण्याचे गडवे आणले. माझ्याशी बोलली, माझ्या वाळलेल्या तब्येतीबद्दल बोलली, बाबांशी नाही. बाबा पुन्हा चष्मा पुसायला लागले. म्हणून मीच तिच्या शेजारी पाटावर बसून कागदावर बाण काढले आणि सगळं सांगितलं.

तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हन्जे त्या टायमाले मी बराबर होती?"

"हो. पण काकाही बरोबर होते. आणि मामाही."

"सारेच बराबर होते, तं मंग मी उपाशी काऊन गेली?"

मी कागदावरचे बाण पुन्हा बघितले. तीच थोडी हसली, स्वतःवरच हसल्यासारखी. मग मी वाटीचं सांगितलं आणि तिचं हसणं थांबलं.

"मी टिळा लावू?" ती म्हणाली. "लोकं काय म्हनतीन, पोरी?"

तेव्हा बाबांना वाचा फुटली. "लगन माह्या घरचं हाये, बाई. तूच लावजो. दुसऱ्याच्या हातानं मले नाई पाह्यजे."

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. हो म्हणाली नाही. "पाह्यतो," म्हणाली, आणि आम्हाला जेवायला वाढलं. परतताना बाबा फक्त एवढंच विचारत होते, 'पाह्यतो' म्हन्जे काय समजाचं? मला माहीत असतं तर मी प्रोग्राम लिहिला असता.

लग्न भर मे महिन्यातलं. कार्यालयातले कूलर गरम हवा फेकत होते. अक्षता पडल्या, फोटो निघाले, आणि आत्याचा पत्ता नव्हता. बाबा दारापाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ऑटोकडे बघत होते. माझ्या हातात छापलेली यादी होती, आत्याचं नाव काढून टाकलेली, पहिल्या फटक्यात कुणालाही न हलवता क्रमाने लागलेली. ती आली नाही तर मी तिला नुसतीच रांगेतून काढून टाकली असं होणार होतं. 

दुपट्ट्यांचा गठ्ठा सोडला तेव्हा ऑटो थांबला. आत्या उतरली, खांद्याला पिशवी, पायात नवीन चपला. ती थेट व्यासपीठाकडे गेली आणि आईसमोर हात पुढे केला. आईने तिच्या तळव्यावर कुंकवाची वाटी ठेवली आणि खरंच पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मी आत्याच्या दुसऱ्या हातात माईक दिला आणि यादी धरून शेजारी उभी राहिले. तिला माईकची सवय नव्हती. पहिलं नाव तिने इतक्या मोठ्याने पुकारलं की स्पीकरने शिट्टी मारली आणि सगळं कार्यालय हसलं. त्यानंतर मात्र तिला सूर सापडला. ती नुसती नावं वाचत नव्हती. कोण कुणाचा कोण, कुठून आला, हे जोडून सांगत होती. मामा आले तेव्हा, नवरीचा मामा, याच्या खांद्यावर बसून ही पोर पोळा पाहायला गेलती, असं म्हणाली. काका आले, थोरले असूनही खाली वाकले, आणि तिने टिळा लावताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. कुणी कुजबुजलं असेल तर मला ऐकू आलं नाही. बायका आपल्या ओळीत नीट बसल्या, पुरुष टोप्या घालून फोटो काढत होते, आणि कुणीही उठून गेलं नाही.

यादी संपली. मी माईक घ्यायला पुढे झाले. आत्याने तो मागे ओढला.

"एक नाव राह्यलं," ती म्हणाली.

मी घाबरून कागद बघितला. सगळे पुकारले होते, मी स्वतः खुणा केल्या होत्या.

आत्याने माईकमध्ये बाबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव नव्हे, लहानपणी ती मारायची ती हाक. बाबा दारापाशीच होते. त्यांना आधी कळलंच नाही. आमच्याकडे यजमानाला आहेर नसतो. तो देणारा असतो, त्याला कुणी पुकारत नाही, आणि म्हणून माझ्या यादीत, माझ्या तिन्ही नियमांत, तो कुठेच नव्हता. लोकांनी वाट करून दिली आणि बाबा मधून चालत आले, पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेत नाव पुकारल्यासारखा गोंधळलेला.

आत्याने त्यांना टिळा लावला. मग गठ्ठ्याला हात न लावता स्वतःच्या पिशवीतून एक दुपट्टा काढला. तो घड्यांवर पिवळा पडला होता आणि उघडला तरी घड्या जात नव्हत्या.

"त्या टायमाले आनला होता तुह्यासाठी," ती म्हणाली. माईक तिच्या हातातच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "द्याचा राहून गेला."